वसतिगृहातील सायंकाळ आणि बालकाचे पहिले वाचन

सहाव्या वर्षी निवासी शाळेत दाखल होणारे मूल पाटी-दप्तराच्या आधी एक भाषा सोबत घेऊन येते. आई, आजी आणि शेजारपाजार यांच्याशी बोलून त्याने ती कमावलेली असते. गावातल्या शाळेत जाणारे मूल दुपारी घरी परतून पुन्हा त्या बोलण्यात मिसळते. आमच्याकडील मुलाला मात्र दिवाळीच्या सुट्टीपर्यंत वाट पाहावी लागते. म्हणून पहिली-दुसरीच्या वाचनाचा विचार करताना वसतिगृहात त्याच्याशी कोण, किती आणि काय बोलते, हा प्रश्न आम्ही प्रथम विचारतो.

वऱ्हाडी बोलणारे मूल 'मला पाणी दे' हे छापील वाक्य पुष्कळदा 'मले पाणी दे' असे वाचते. शिक्षक ताबडतोब थांबवून दुरुस्ती करतात. वस्तुतः त्या मुलाने वाक्याचा अर्थ ग्रहण करून तो आपल्या बोलीत सांगितलेला असतो. वाचनाचे मुख्य कार्य तेथे पार पडलेले आहे. याउलट 'मला' हा शब्द स्पष्ट उच्चारून वाक्यात काय मागितले आहे हे ज्याला सांगता येत नाही, त्या मुलाची चिंता अधिक करावी, असे आमचे मत आहे. कोरकू किंवा गोंडी बोलणाऱ्या मुलांची गोष्ट आणखी निराळी. त्यांची घरची भाषा मराठीच्या कुळातलीही नाही. जो शब्द कानाला परिचित नाही तो अक्षरे जुळवून उच्चारता आला, तरी मनात काहीच उमटत नाही. अशा मुलांसाठी वाचनापूर्वी मराठी बोलण्याचे कित्येक आठवडे राखून ठेवावे लागतात.

अक्षरओळखीचा क्रमही तपासून पाहण्यासारखा आहे. वर्णमाला उच्चारस्थानांनुसार मोठ्या शास्त्रीय रीतीने रचलेली आहे, परंतु ती रचना नवशिक्या वाचकासाठी केलेली नव्हे. तिच्या क्रमाने गेल्यास ङ आणि ञ लवकर येतात. त्यांच्यापासून मुलाच्या ओळखीचा शब्द सुरू होत नाही. त्याऐवजी म, क, न, ल ही चार अक्षरे आणि काना एवढेच घेतले, तर मामा, काका, मका, नाक, कान हे शब्द पहिल्या काही दिवसांतच वाचता येतात. 'नाक' उलटून 'कान' होतो हे उमगल्यावर वर्गात जो आनंद पसरतो, तो बाराखडीच्या घोकंपट्टीने कधी पसरलेला आम्ही पाहिलेला नाही. घ आणि ध, भ आणि म या जोड्या मात्र एकाच आठवड्यात घेऊ नयेत. एक पक्के झाल्यावर दुसरे द्यावे. 'पिशवी' या एकाच शब्दात एक वेलांटी अक्षराच्या आधी लिहिली जाते, दुसरी नंतर. उच्चारात मात्र दोन्ही स्वर व्यंजनानंतरच येतात. मोठ्यांना हे खटकत नाही, म्हणून मूल का अडखळले हेही त्यांना कळत नाही.

१९४५ साली ताराबाई मोडक यांनी बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य सुरू केले. अनुताई वाघ त्यात सहभागी झाल्या आणि पुढे हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर बहरले. मुले शाळेपर्यंत येत नाहीत असे पाहून त्यांनी शाळाच वस्तीच्या अंगणात नेली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी ती कुरणातही गेली. निवासी शाळेत परिस्थिती नेमकी उलट असते. येथे मूल आलेले आहे, अंगण मागे राहिले आहे. ते अंगण वसतिगृहात उभे करणे हे आमचे काम ठरते.

त्यासाठी आम्हांस सर्वांत उपयुक्त वाटलेली वेळ म्हणजे सायंकाळच्या जेवणानंतरचा अर्धा तास. या वेळात गृहपाठ नको, प्रश्नोत्तरेही नकोत. आठवी-नववीच्या विद्यार्थ्याने चार-पाच लहानग्यांना जवळ बसवून चित्रांचे एक पुस्तक मोठ्याने वाचावे. तीच गोष्ट मुलांनी पुन्हा मागितली तर पुन्हा वाचावी. तिसऱ्या-चौथ्या वेळी मुलेच पुढचे वाक्य सांगू लागतात, आणि छापलेल्या ओळीवर बोट ठेवून तो शब्द कुठे आहे ते शोधतात. वाचणाऱ्या मोठ्या विद्यार्थ्याचेही वाचन यातून सुधारते, हा वेगळा लाभ. पालकभेटीच्या दिवशी आलेल्या आजी-आजोबांकडून एखादी गोष्ट त्यांच्याच बोलीत सांगवून घ्यावी आणि लिहून ठेवावी. स्वयंपाकघरातील मावशींची बोलीही मुलांना घरची वाटते. त्यांना या अर्ध्या तासात अवश्य बोलवावे.

दुसरे साधन म्हणजे घरी धाडायचे पत्र. लिहिता न येणाऱ्या मुलाने सांगावे आणि शिक्षकांनी त्याच्याच शब्दांत ते उतरवून घ्यावे. 'मले करमत नाही' असे मूल म्हणाले तर तसेच लिहावे. मग तेच पत्र मुलाकडून वाचून घ्यावे. प्रत्येक शब्द त्याचा स्वतःचा असल्याने न शिकवलेली अक्षरेही ते अंदाजाने ओलांडते. ज्या पालकांना वाचता येत नाही, त्यांना ते भेटीच्या दिवशी मुलानेच वाचून दाखवावे. त्यासाठी प्रत्येक पत्राची एक प्रत वर्गातील फाईलमध्ये ठेवलेली असावी.