जुनी मोटार : व्यवहारातील दक्षता

गुलमंडीच्या पेठेत कापडाचा पोत पारखून घेणारा ग्राहक जुनी मोटार मात्र पुष्कळदा विक्रेत्याच्या शब्दावर घेतो. फसवणुकीला वाव मिळतो तो येथेच.

मोटारीची चकाकी पाहण्याआधी कागदपत्रे पाहावीत. नोंदणी प्रमाणपत्रावरील चासी व इंजिन क्रमांक प्रत्यक्ष वाहनाशी ताडून घ्यावेत. कर्जाचा बोजा असल्यास तो उतरल्याबाबतचा नमुना ३५ हाती आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये. जुन्या वाहनांच्या व्यापाऱ्यांना १ एप्रिल २०२३ पासून नोंदणी प्राधिकाऱ्याचे अधिकारपत्र आवश्यक झाले आहे. तेही मागून पाहावे.

विक्रेत्यानेही गाफील राहू नये. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५० अन्वये, राज्यातच नोंदलेल्या वाहनाच्या हस्तांतरणाची खबर विक्रेत्याने १४ दिवसांत व खरेदीदाराने ३० दिवसांत द्यावयाची असते. कोऱ्या नमुन्यांवर सह्या करून ते दलालाच्या हाती सोपविणे धोक्याचे आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मधील एका निकालात अपघाताच्या नुकसानभरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावरच टाकली. त्या प्रकरणातील मोटार अपघातापूर्वीच अनेक हातांतून विकली गेली होती. परंतु नोंदणी पहिल्याच मालकाच्या नावे राहिली होती.

व्यापाऱ्याकडून फसगत झाल्यास ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ अन्वये जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. त्यासाठी पावती व लेखी करार जपून ठेवावेत. तोंडी आश्वासन सिद्ध करणे कठीण असते.