निशिगंधाचे दांडे घरी ताजे कसे ठेवावेत?

निशिगंधाचा दांडा कापला तरी तो जिवंतच असतो. त्याचे श्वसन चालू राहते व पाकळ्यांतून पाणी उडत राहते. बंद पडतो तो मुळांकडून होणारा पुरवठा. यास्तव खालची एक-दोन फुले उमलताच, पहाटे, धारदार चाकूने दांडा कापावा व तत्काळ स्वच्छ पाण्याच्या बादलीत उभा करावा. दांडे बांधावर कोरडे पडू दिल्यास कापलेल्या टोकातून नलिकांत हवा शिरते. असे दांडे सायंकाळी पाण्यात ठेवले, तरी वरच्या कळ्या बहुधा मिटलेल्याच राहतात आणि शेतकरी बंधू दोष मात्र बियाण्याच्या कंदांना देतात!

फुलदाणीत ठेवताना टोकाचा इंचभर भाग पाण्याखालीच तिरपा कापावा. बुडणारी पाने काढून टाकावीत. ती कुजून जंतू वाढतात व नलिका बुजतात. एक लिटर पाण्यात २० ग्रॅम साखर घातल्यास कळ्यांना अन्न मिळते. परंतु साखरेवर जंतूही पोसतात, म्हणून त्यात थोडा लिंबाचा रस पिळावा व हे पाणी रोज बदलावे.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी एकाच वाफ्यातील दांडे घेऊन, निम्मे लगेच पाण्यात व निम्मे तीन तास कोरडे ठेवून, दोन्ही शेजारी मांडून दाखवावेत.