ना मोठं, ना चुरी

माझ्या निवृत्तीच्या निरोपाला पाहुणे बोलले, "गुरुजी म्हणजे अगदी सामान्य माणूस!" टाळ्या पडल्या. घरी आल्यावर बायको मात्र फणफणली, "बत्तीस वर्षांचं हेच फळ?" मध्यप्रदेशातल्या पांढुर्णा-सौंसरच्या शाळांमधून शिकवताना 'सामान्य' या शब्दाच्या भाऊबंदांशी माझी रोजची गाठ होती. त्यातून उमगलं ते असं.

१. शेरा मारण्याआधी मोजा.
'सुमार' हा मुळात फारसीतला, मोजणीचा शब्द. 'सुमारे शंभर' म्हणताना तो अंदाज होतो आणि 'सुमार विद्यार्थी' म्हणताना हिणकस. एका पोराच्या वहीवर मी तो लिहिला होता. वही धड वाचली नव्हती. अंदाज माझा, शिक्का त्याच्यावर.

२. फुटपट्टी कोणाची, ते विचारा.
१९५६ पर्यंत मध्यप्रदेशची राजधानी नागपूर होती. मग नागपूर राज्याच्या सीमेपलीकडे गेलं, आम्ही अलीकडे राहिलो. घरात मराठी, कचेरीत हिंदी. नागपुरात माझ्या मराठीला हिंदीचा वास येतो, भोपाळात हिंदीला मराठीचा. दोन्हीकडे काठावर पास! पण एकाच दमात दोन्ही भाषांत भाव करणाऱ्या आमच्या भाजीवालीला 'जेमतेम' कोण म्हणेल?

३. गाडी मधल्या फळानं भरते.
संत्री निवडताना मोठं फळ एका बाजूला, बारकी चुरी दुसऱ्या बाजूला. मोठ्याचं कौतुक होतं, चुरीवरून घासाघीस होते. मधल्याबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. गाडीत जास्त तेच असतं.

४. झेंडा एकाच्याच हाती लागतो.
पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमार, म्हणजे दोन गावांची दगडफेक. जाम नदीच्या दोन काठांवर पांढुर्णा आणि सावरगाव, मध्ये पळसावर झेंडा. झेंडा काढणारा गाजतो. डोकं फुटलेल्या पोराला उचलून दवाखान्याकडे पळणारा कोण होता, हे संध्याकाळी गावाला आठवत नाही. पोराची माय मात्र त्याचंच घर विचारत फिरते.

५. शब्द ऐकू नका, हात पाहा.
आमच्याकडे भाजी फक्कड झाली तरी "चालते" एवढंच म्हणतात आणि दुसऱ्यांदा वाढून घेतात. निरोपाच्या रात्री मी बायकोला विचारलं, "मग तू काय म्हटलं असतं?"
"बरे हाये तुमी," ती म्हणाली आणि न विचारता आणखी एक भाकर ताटात टाकली.