ग्रीसच्या मनुका, तासगावचे बेदाणे

मनुका म्हटले की आपल्याला सणाचा शिरा आठवतो, नाहीतर आजारी माणसाच्या उशाशी ठेवलेली वाटी. ग्रीस देशात मात्र हा रोजचा खाऊ आहे. अक्रोडाबरोबर मूठभर खायच्या, पावात घालायच्या. इतकेच काय, मृतांच्या स्मरणार्थ उकडलेल्या गव्हाचा जो प्रसाद तेथे वाटतात, त्यातही त्या असतात.

तेथे मुख्य जाती दोन. पहिली कॉरिंथची मनुका. ही अगदी बारीक, काळी, बिनबियांची व किंचित आंबट. पेलोपोनीजच्या उत्तर किनाऱ्यावर आणि झांटे बेटावर ती पिकते. इंग्रजीतील ‘करंट’ हा शब्द कॉरिंथ या नावावरूनच आला. १९ व्या शतकात फ्रान्समधील द्राक्षमळे किडीने बसले, तेव्हा फ्रेंचांनी दारूसाठी याच मनुका उचलल्या. शेतकऱ्यांनी इतर पिके मोडून द्राक्षे लावली. पुढे फ्रान्सचे मळे सावरले, मागणी आटली आणि १८९३ मध्ये भाव कोसळले. हजारो ग्रीक अमेरिकेला गेले त्यामागे हेही एक कारण होते. आपल्या बागायतदारांना ही कथा परकी वाटू नये.

दुसरी जात सुलताना. सोनेरी, मऊ व अधिक गोड. ही क्रीट बेटावर होते. गंमत अशी, की आपण जिला थॉमसन सीडलेस म्हणतो ती द्राक्षाची जात हीच! म्हणजे तासगावचा बेदाणा आणि क्रीटचा सुलताना एकाच कुळातले. करण्याची रीतही मिळतीजुळती. ग्रीक शेतकरी द्राक्षे पोटॅश व ऑलिव्ह तेलाच्या पाण्यात बुडवतात. त्याने सालीवरचा मेणासारखा थर सुटतो व फळ लवकर वाळते. आपल्याकडे पोटॅशियम कार्बोनेट व डिपिंग ऑइल वापरून शेडमध्ये सावलीत वाळवतात.

सुमारे चार किलो द्राक्षांचे एक किलो बेदाणे होतात. पाणी उडते, साखर तेथेच राहते. १०० ग्रॅम बेदाण्यांत अंदाजे ३०० कॅलरी, ६० ग्रॅमहून अधिक साखर, सुमारे ४ ग्रॅम चोथा व ७०० मिलिग्रॅमच्या वर पोटॅशियम असते. ताज्या द्राक्षातील ‘क’ जीवनसत्त्व मात्र बहुतेक नाहीसे होते.

आता रक्तवाढीचा प्रश्न. रात्री भिजवलेल्या काळ्या मनुका सकाळी खाल्ल्या की रक्त वाढते, असे घरोघरी सांगतात. हिशेब करून पाहा. १०० ग्रॅममध्ये लोह जेमतेम २ मिलिग्रॅम. मुठीत, म्हणजे ३० ग्रॅममध्ये, अर्ध्या मिलिग्रॅमच्या थोडे वर. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार स्त्रीला रोज २९ मिलिग्रॅम लोह लागते. भिजवल्याने लोह वाढत नाही. तेव्हा गरोदर सुनेच्या लोहाच्या गोळ्या ‘उष्ण पडतात’ म्हणून बंद करून तिला मनुकांवर ठेवणे धोक्याचे आहे. मनुका खाव्यात, पण गोळ्याही चालू ठेवाव्यात. गोळ्यांनी मळमळ झाली तर डॉक्टरांना सांगून वेळ किंवा गोळी बदलून घ्यावी.

मधुमेह्यांनी लक्षात ठेवावे, की एका मुठीत जवळजवळ चार चमचे साखर आहे. साखर ताब्यात असेल तर डॉक्टरांना विचारून चमचाभर, तेही बिस्किटाऐवजी, बिस्किटानंतर नव्हे. मूत्रपिंडाच्या रुग्णांना पोटॅशियम वर्ज्य केले असेल तर मनुका टाळाव्यात. बद्धकोष्ठ असणाऱ्या वृद्धांना मात्र भिजवलेल्या मनुकांचा उपयोग होतो, भिजवलेले पाणीही प्यावे.

फार पिवळाधमक बेदाणा बहुधा गंधकाची धुरी दिलेला असतो. काही दमेकऱ्यांना त्याने धाप लागते. त्यांनी काळी मनुका घ्यावी. लहानग्यांना अख्खा दाणा देऊ नये, घशात अडकतो, कुस्करून द्यावा. आणि मनुका दातांना चिकटते, म्हणून मुलांना खाल्ल्यावर खळखळून चूळ भरायला लावावी. पावसाळ्यात डबा घट्ट झाकणाचा हवा. आंबूस वास आला किंवा बुरशी दिसली तर सगळ्याच टाकून द्याव्यात, निवडत बसू नये.