समुद्राचा ठाव घेणारे यंत्र



आपले संकेश्वर समुद्रापासून दूर, सह्याद्रीच्या पूर्वेस वसलेले. समुद्रावरील होडीशी आपला संबंध काय, असे कोणी विचारील. परंतु ज्या हिरण्यकेशीच्या काठी आपण राहतो, तिचा उगम आंबोलीस आहे. आणि आंबोलीचा घाट उतरला की सावंतवाडी, वेंगुर्ले व पुढे अथांग सागर. आपल्या ताटातला बांगडा घाट चढून येतो. तो पकडणाऱ्यास खोल पाण्यातले मासे कसे समजतात, हा प्रश्न आपल्याही जिज्ञासेचा आहे.

पूर्वी कोळी लोक दोरीस शिसे बांधून ते पाण्यात सोडीत. पसरलेल्या दोन हातांचे अंतर म्हणजे एक वाव. वावावावावर गाठ मारलेल्या त्या दोरीने खोली कळे. मासे मात्र पाण्याचा रंग, पक्ष्यांचे थवे व अनुभव यांवरून ओळखावे लागत. आज लहान होड्यांवरही मत्स्यशोधक यंत्र दिसते. दर्यावरचे लोक त्यास ‘फिशफाइंडर’ म्हणतात.

या यंत्राचे तत्त्व सोपे आहे. डोंगरासमोर हाक मारली असता प्रतिध्वनी येतो; वटवाघूळ अंधारात याच युक्तीने उडते. यंत्राचा जो भाग पाण्यात असतो त्यास ट्रान्सड्यूसर म्हणतात. तो मुखही आहे आणि कानही. त्यातील स्फटिकासारखा पदार्थ विजेच्या योगे थरथरतो व आपल्या कानांस ऐकू न येणारा ध्वनी खाली सोडतो. तो तळावर आपटून परत आला म्हणजे त्याच पदार्थात पुन्हा वीज उत्पन्न होते. हा गुण क्युरी बंधूंनी १८८० मध्ये दाखविला. पहिल्या महायुद्धात लांजव्हँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने पाणबुड्यांच्या शोधासाठी त्याचा उपयोग केला, आणि १९४८ मध्ये जपानमधील नागासाकीच्या फुरुनो बंधूंनी मासेमारीसाठी असे यंत्र बाजारात आणले.

आता थोडे गणित करू. समुद्राच्या पाण्यात ध्वनी सेकंदास सुमारे १५०० मीटर जातो. वीस वाव, म्हणजे सुमारे ३६ मीटर, खोलीवर जाऊन येण्यास त्याला ७२ मीटर प्रवास करावा लागतो, त्यास ०.०४८ सेकंद लागतो. हा काळ मोजून यंत्र खोली सांगते. बहुतेक माशांच्या पोटात हवेची पिशवी असते, आणि पाणी व हवा यांच्या सीमेवरून ध्वनी जोराने परततो. म्हणून मासा दिसतो, तो मुख्यतः त्याच्या पोटातील हवेमुळे! मुशीला अशी पिशवी नसते. तिचा प्रतिध्वनी क्षीण असतो.

गेल्या मे महिन्याच्या सुटीत आम्ही कारवारास आमच्या गावी होतो. शेजारच्या एका नौकामालकांच्या फायबरच्या लहान होडीवरील यंत्र बंद पडले होते. पावसाळ्यातील मासेमारीबंदी जवळ आली होती. नवा हंगाम सुरू होण्यापूर्वी नवे यंत्र बसवावयाचे होते. थोरल्या मुलाचे मन मोठ्या पडद्याच्या महागड्या यंत्रावर गेले होते. वडिलांचा प्रश्न निराळा होता : त्यासाठी कर्ज काढले आणि हंगाम वाईट गेला, तर जाळी कशाने घ्यावयाची? या घरच्या प्रश्नातून जो विचार झाला, तो कोणतीही वस्तू घेताना उपयोगी पडावा, म्हणून येथे देत आहोत.

प्रथम रोगनिदान. यंत्र मेले की केवळ वीज पोहोचत नाही? बॅटरीत १२ व्होल्ट आहेत काय, फ्यूज शाबूत आहे काय, तारांच्या टोकांस खाऱ्या हवेने हिरवा गंज चढला आहे काय, हे पाहावे. येथे वीज पोहोचत होती; पडद्यातच ओल शिरली होती. जुना ट्रान्सड्यूसर चांगला होता, परंतु नव्या यंत्रास त्याची जोडणी बसत नव्हती. म्हणून दोन्ही भाग बदलणे भाग पडले.

दुसरे, गरजेचे मोजमाप. उच्च वारंवारतेचा ध्वनी, उदाहरणार्थ २०० किलोहर्ट्झचा, उथळ पाण्यात बारीक तपशील दाखवितो. ५० किलोहर्ट्झचा खोल जातो, पण चित्र ढोबळ येते. ही होडी वीस वावांपलीकडे क्वचितच जाई. तेव्हा खोल समुद्राचे सामर्थ्य विकत घेऊन करावयाचे काय? उन्हात स्वच्छ दिसणारा पडदा, पाण्यापासून बचाव आणि जवळ दुरुस्तीची सोय, या तीन गोष्टींस त्यांनी अधिक मोल दिले. मध्यम किमतीचे यंत्र ठरले, व कर्जाची गरज उरली नाही. मुलगाही हिशेब पाहून राजी झाला.

तिसरे, बसवणूक. ट्रान्सड्यूसर होडीच्या पिछाडीस, पंख्यापासून दूर, तळाच्या किंचित खाली व समपातळीत असावा. तेथे पाणी शांतपणे वाहिले पाहिजे. बुडबुडे आले तर हवेमुळे ध्वनी अडतो व पडदा आंधळा होतो. आधी तो तात्पुरता बांधून, होडी चालवून पाहिली व मगच भोके पाडली. भोके पाणी न झिरपेल अशा लुकणाने बुजविली. त्याची तार इंजिनाच्या तारांपासून अलग नेली. ती कापावयाची नाही, उरेल ती गुंडाळून ठेवावयाची. वीज थेट बॅटरीवरून घेऊन, लाल तारेत बॅटरीजवळ फ्यूज घातला.

शेवटी परीक्षा. वडिलांनी जुनी शिशाची दोरी काढून पाण्यात सोडली. यंत्राचा आकडा दोरीपेक्षा थोडा कमी आला. मुलगा चपापला, परंतु यंत्र ट्रान्सड्यूसरपासून खाली मोजते, दोरी पाण्याच्या पृष्ठभागापासून, हे ध्यानी येताच शंका फिटली. जुन्या साधनाने नव्याची साक्ष दिली.

यंत्राची मर्यादाही जाणावी. ध्वनी शंकूसारखा पसरतो. वीस अंशांच्या शंकूचा तळ ३६ मीटर खोलीवर सुमारे साडेबारा मीटर रुंद होतो. मासा त्यात नेमका कोठे आहे ते कळत नाही. पडद्याची उजवी कड तेवढी ताजी. डावीकडचे सारे होऊन गेलेले. मासा कोणत्या जातीचा हे अनुभवी डोळाच ताडतो, आणि तो सोडावा की धरावा हे तर यंत्र मुळीच सांगत नाही. प्रखर दिव्यांनी मासे गोळा करून पकडण्यावर केंद्र सरकारने २०१७ मध्ये बंदी घातली, ती साधने विवेकापुढे धावू लागली म्हणूनच. ज्या दर्यावर उद्याही पोट भरावयाचे, तेथे पिल्ले जाळ्याबाहेर निसटतील एवढे जाळ्याचे आस मोठे ठेवणे हेच शहाणपण.

विद्यार्थ्यांनो, ठाव पाण्याचा घ्यावा, तसा आपल्या गरजेचाही घ्यावा. दुसरा ठाव घेणारे यंत्र अद्याप कोणी केलेले नाही. ते काम आपल्याच बुद्धीचे आहे.

अभ्यासासाठी :
१. ध्वनी जाऊन येण्यास ०.०२ सेकंद लागला, तर समुद्राची खोली किती?
२. बुडबुड्यांमुळे यंत्र आंधळे का होते?
३. आपल्या घरी अलीकडे घेतलेल्या एका वस्तूची निवड वरील रीतीने तपासून दहा ओळी लिहा.