तपासनीसाच्या सहीविषयी



उरला औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात तारांच्या टोकांना प्रेसने दाबून लग, म्हणजे धातूची जोडटोके, बसविणाऱ्या खात्यात तपासनीस म्हणून तू कायम झालास, हे वर्तमान वाचून संतोष वाटला. परंतु ‘काम सोपे आहे, लग ओढून पाहायचा आणि सही ठोकायची’ असे जे तू लिहितोस, त्याविषयी चार शब्द लिहिणे अगत्याचे वाटते.

उरल्यासारख्या जागी, जेथे भट्ट्या आणि रोलिंग मिला धडधडत असतात, तेथे तारेला विजेच्या जोडीने ताप, धूळ आणि अखंड कंपही सोसावा लागतो. २० अँपियरच्या प्रवाहास ढिल्या सांध्यात अवघा ०.०१ ओहम रोध झाला, तरी बोटाच्या पेराएवढ्या त्या जागी ४ वॅट उष्णता सतत निर्माण होते, तिने तांबे काळवंडते, आणि त्यामुळे रोध आणखीच वाढत जातो.

ओढून पाहण्याची कसोटी अवश्य घ्यावी. मात्र त्या वेळी तारेचे आवरण धरणारी मागची पकड मोकळी ठेवावी, नाहीतर तिचे बळ सांध्याच्या नावे जमा होते. शिवाय ही कसोटी एकटी पुरेशी नव्हे. लग बसविताना दाब वाढवीत गेल्यास पकडीचे बळ आधी पराकोटीस पोहोचते, वीज निर्वेध वाहण्याची स्थिती त्यानंतर येते, आणि त्याहीपुढे बारीक तारा चेपून तुटू लागतात. म्हणून दाबलेल्या भागाची उंची पकडीचे बळ व वीजवहन या दोहोंचा मेळ घालून ठरविलेली असते, व ती टोकदार मायक्रोमीटरनेच मोजावी, कारण साधा मायक्रोमीटर दाबाने खाली उतरलेली धातूची कड, म्हणजे बरही, हिशेबात धरतो.

मुख्य गोष्ट ही की, जो लग ओढून पाहिला तो बाद होतो, आणि जो गिऱ्हाइकाकडे जातो तो ओढून पाहिलेला नसतो. अर्थात तुझी सही न तपासलेल्या मालावरच पडते, आणि तिला आधार असतो तो प्रेसच्या बिनचूक मांडणीचा. यास्तव पाळीच्या आरंभी, तसेच डाय किंवा तारेचे रीळ बदलताच, पहिला नग स्वतः पाहा: तारांची टोके किंचित पुढे डोकावतात काय, तार धरणारी व आवरण धरणारी अशा दोन पकडींच्या मधल्या फटीत आवरणाची कड दिसते काय, एखादी तार बाहेर राहिली काय. उणे आढळल्यास मुकादमाच्या घाईस भीक न घालता प्रेस थांबव.

आणि शेऱ्यात ‘ठीक’ असा मोघम शब्द न घालता मोजलेली उंचीच लिहीत जा. आकडा लिहिण्याचा ज्यास परिपाठ पडला, त्यास न मोजता सही करणे आपोआपच जड जाते.

कळावे, हे आशीर्वाद.

तुझा काका