मण्यार की कवड्या?

भिलाईजवळ हथखोजला आमचे घर आहे. पावसाळ्यात तिथे सगळे 'करैत'ला घाबरतात. तीच आपली मण्यार. पट्टे दिसले की काठी उगारली जाते आणि बिनविषारी कवड्या फुकट मरतो. दोघेही रात्रीच फिरतात. मण्यारीचे पांढरे पट्टे शेपटीकडे ठळक, मानेजवळ पुसट. कवड्याचे नेमके उलट. पण चावल्यावर ओळखत बसू नका. मण्यार झोपेत चावते, तेव्हा फारसे दुखत नाही, सूजही नसते. पुढे पोट दुखते, पापण्या मिटू लागतात, मग श्वास अडतो. मांत्रिक नको, थेट दवाखाना. नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चौघांवर एकच इंजेक्शन असते. आजी खाट वापरत नाही. सुट्टीत गेलो की रात्री तिची मच्छरदाणी मीच गादीखाली खोचतो.